‘नोकरी लागेपर्यंत राहा’ म्हणावं, की मुदत द्यावी?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळून ते थोडक्यात देते.

ताई आणि त्यांचे पती पन्नाशीत आहेत. चिरंजीव शिक्षणासाठी बाहेर, १६ वर्षांची मुलगी घरी. चिरंजीवांचा एक शाळासोबती, वय १९, अडीच महिन्यांपूर्वी रात्री बस स्थानकाच्या बाकावर झोपलेला त्यांना दिसला. त्याची आई लहानपणीच गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, घरात रोज खटके उडायला लागले आणि एके दिवशी ‘आता तुझं तू बघ’ म्हणून त्यांनी त्याला बाहेर काढलं. आज या मित्राकडे, उद्या त्या मित्राकडे असं करत तो शेवटी स्थानकावर आला होता. ताईंनी ‘चार दिवस राहा आमच्याकडे’ म्हणत त्याला घरी आणलं. त्या चार दिवसांचे अडीच महिने झाले.

त्यांच्या भागातला मोठा कारखाना बंद पडला आहे आणि त्याच्यावर पोट असलेले छोटे धंदेही बसले आहेत. ताईंच्या पतींनाही आता महिन्यातले निम्मेच दिवस काम असतं. हा मुलगा सुरुवातीला रोज काम शोधायला बाहेर पडायचा. आता रात्री जागतो, दुपारपर्यंत झोपतो आणि विचारलं की ‘बघतोय काकू’ एवढंच म्हणतो. वागायला सालस आहे, उलटून बोलत नाही. त्याची सॅक मात्र अजून दाराजवळ, बुटांशेजारी असते. कपडे त्यातून काढतो आणि धुऊन वाळले की घडी करून पुन्हा त्यातच भरतो. पतींचं म्हणणं, ‘एक महिन्याची मुदत देऊ. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर त्याने त्याची सोय बघावी.’ नातेवाईक घरात वयात आलेली मुलगी आहे म्हणून बोलतात. ताई विचारतात : ‘मुदत द्यावी का? आम्ही त्याला मदत करतोय, की आयतं बसायची सवय लावून पांगळं करतोय? आणि असं किती दिवस चालायचं?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून आधी एक प्रश्न पडला, तो तुम्हालाच विचारते. एक महिन्याची मुदत दिली, महिना संपला आणि नोकरी लागली नाही, तर त्या संध्याकाळी तुमच्या घरात काय होईल? तुमचे यजमान दार उघडून त्याला ‘चल, नीघ’ म्हणतील? तुम्ही म्हणू द्याल? पत्रावरून मला वाटतं की दोघांपैकी कुणालाच ते जमणार नाही. जमणार नसेल तर मुदत देऊच नका. जी पाळायची नाही अशी मुदत दिली की घरातल्या प्रत्येकाच्या मनात तारखा मोजणं सुरू होतं आणि ती तारीख गेली की तुमच्या पुढच्या शब्दालाही वजन उरत नाही.

आणि ते जमणार असेल, तर तो जाईल कुठे? पुन्हा त्याच बाकावर. तिथून नोकरी मिळवणं घरातून मिळवण्यापेक्षा किती अवघड आहे बघा. अर्जात पत्ता काय लिहायचा? फोन कुठे चार्ज करायचा? सकाळी आंघोळ कुठे, इस्त्रीचा शर्ट कुठला? रात्रभर सामान सांभाळत अर्धवट झोपलेला माणूस सकाळी मुलाखतीत काय बोलणार? घर नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून घर नाही, हा फेरा जगात फार जुना आहे. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर कामासाठी घर सोडून आलेल्या तरुणांसाठी राहण्याची सोय आणि आधार एकाच छताखाली देणारी वसतिगृहं पसरली, ती हा फेरा तोडायलाच. १९९० च्या दशकात ब्रिटननेही तीच पद्धत उचलली. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना उपचाराची किंवा व्यसन सोडण्याची अट न घालता आधी घर द्यायला सुरुवात केली. त्याआधीची रीत उलटी होती : आधी सुधारा, मग घर मिळेल. घर आधी दिल्यावर बहुतेक जण त्या घरात टिकले आणि पुढे फिनलंडने २००८ पासून हेच देशाचं धोरण केलं. ती माणसं, ते प्रश्न वेगळे होते आणि तिथे सरकारचा पैसा होता, हे मला कळतं. तुमच्यामागे सरकार नाही. पण डोक्यावरचं छप्पर हे नोकरी मिळाल्याचं बक्षीस ठेवलं तर नोकरी मिळणं लांबतं, एवढा भाग तुमच्या घरालाही लागू आहे.

यजमानांवर मी नाराज नाही. ज्याचं स्वतःचं काम निम्म्यावर आलंय, त्याला घरातलं एक जास्तीचं ताट रोज दिसतं. ते दिसणं साहजिक आहे. पण त्यांनाच हळूच विचारून बघा, की इतक्या वर्षांचा अनुभव असून त्यांना महिन्यात पूर्ण काम मिळवणं का जमत नाही? त्यांच्यात खोट आहे म्हणून? मग ज्याच्याकडे अनुभव नाही, ओळखी नाहीत, पाठीशी बाप नाही, त्याच्याकडून महिन्याभरात नोकरीची अपेक्षा कशी करायची? नोकरी लागणं त्याच्या हातात नाही. म्हणून त्याचं राहणं त्याच्या हातात असलेल्या गोष्टींना बांधा. या पत्राला उत्तर लिहायचं ठरवलं ते मुख्यतः एवढं सांगायला.

आता त्याच्या झोपेबद्दल. तुम्हाला ती सगळ्यात जास्त टोचते, असं पत्र वाचताना जाणवलं.

व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाची एक छोटी वस्ती आहे. तिथली कापडाची गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा ही मानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी यांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात ते बारकाईने पाहिलं आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध केलं. वाटलं होतं, रिकामा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, सभांना जातील, काही नवं करतील. झालं उलटं. वाचनालय जवळ होतं, तरी पुस्तकं नेणं कमी झालं. संशोधकांनी रस्त्यावर लोकांच्या चालण्याचा वेग मोजला, तर पुरुष रेंगाळत चालायचे, मध्येच थांबायचे. दिवसभर काय केलं असं विचारलं, तर पुष्कळांना दोन-तीन गोष्टींपलीकडे सांगता यायचं नाही. मधले तास कुठे गेले, ते त्यांनाच माहीत नसायचं. ही आळशी माणसं नव्हती. गिरणी बंद पडेपर्यंत भोंग्यावर उठून कामाला जात होती. याहोडाने पुढे मांडलं की काम पगाराबरोबर आणखी पुष्कळ काही देतं : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपण कशात तरी सामील आहोत ही भावना, चारचौघांत एक ओळख, हातपाय हलते राहण्याची सक्ती. काम गेलं की पगारासोबत हे सगळं जातं.

त्याच गावातल्या बायका मात्र रस्त्याने भरभर चालायच्या. कारण त्यांचं घरचं काम सुटलंच नव्हतं. चूल, मुलं, धुणं तसंच होतं. पैसे त्यांनाही मिळत नव्हते, पण त्यांचा दिवस मोडला नव्हता.

तुमच्याकडचा मुलगा पहिले काही आठवडे रोज बाहेर पडत होता, हे तुम्हीच लिहिलंय. रोज ‘नाही’ ऐकून घरी आला आणि एक दिवस जाणं थांबलं. शिवाय स्थानकावर झोपणारा माणूस रात्री खरं म्हणजे झोपतच नाही, पहारा देतो. कुणी हाकलेल, कुणी खिसा चाचपेल या धाकात रात्र काढायची आणि उजेड झाला, वर्दळ वाढली की डोळा लावायचा. ही सवय पक्क्या छपराखाली आल्यावर दुसऱ्या दिवशी सुटत नाही. म्हणून त्याचं दुपारपर्यंत झोपणं माज किंवा कृतघ्नपणा समजू नका. ते चालवूनही घेऊ नका, कारण ते त्याच्याच मुळावर येतंय. उठण्याची वेळ ठरवून द्या आणि उठल्यावर त्याची वाट बघणारं काहीतरी काम असू द्या. ‘सात वाजता ऊठ’ असं सांगून पुढे दिवसभर काहीच नसेल, तर कुणीही पांघरूण पुन्हा डोक्यावर ओढेल.

घरातलं एखादं काम पूर्णपणे त्याच्या अंगावर टाका. रोजचं पाणी, सकाळची खरेदी, सायकलींची देखभाल, काहीही चालेल, फक्त ते त्याने केलं नाही तर घराचं अडलं पाहिजे. इथे एक धोका आहे, तो नीट लक्षात घ्या. उपकाराखाली दबलेला मुलगा ‘नाही’ म्हणत नाही आणि बघता बघता घरातली सगळी ओझी त्याच्याकडे सरकतात. राहण्याच्या मोबदल्यात राबणारा पोऱ्या, असं त्याचं होऊ देऊ नका. साधी कसोटी ठेवा : तुमचे चिरंजीव सुटीत घरी आल्यावर त्यांना जेवढं सांगाल, तेवढंच याला सांगायचं.

आणि ती सॅक. तुमच्या पत्रातल्या त्या दोन ओळींवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. अडीच महिने तो तुमच्या घरात राहतोय, पण अजून राहायला आलेला नाही. कपडे धुऊन, वाळवून परत सॅकमध्ये भरतो, म्हणजे कुठल्याही क्षणी ‘नीघ’ ऐकायची त्याची तयारी आहे. ज्या बापाने एका दिवसात बाहेर काढलं त्याच्यानंतर त्याने दुसऱ्या घरावर विश्वास तरी का ठेवावा? तुम्ही ‘चार दिवस’ म्हणाला होता. त्यानंतर किती दिवस, हे त्याला कुणी सांगितलंय का? पत्रात तरी तसं दिसत नाही. अशा अवस्थेत माणूस पुढच्या महिन्याचा विचार करू शकत नाही. आजची रात्र निघाली, एवढंच त्याचं गणित असतं. कपाटातला एक कप्पा रिकामा करून द्या आणि तो त्याचा आहे हे तोंडाने सांगा. सॅक रिकामी करायला लावू नका, ती त्याची तो करेल.

‘पांगळं करतोय का’ या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथूनच निघतं. आधार दिल्याने माणूस परावलंबी होतो, असं मला वाटत नाही. आधार किती आहे, कधीपर्यंत आहे आणि कशाने तुटेल याचा पत्ताच नसला, की तो पांगळा होतो. मग तो सगळी हुशारी तुमचा मूड ओळखण्यात खर्च करतो. काकांचा आवाज चढला की खोलीत जातो. घरात पैशांची चणचण जाणवली की कमी जेवतो. कमी जेवणं तुम्ही पाहिलंय, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. हा संकोच घालवण्याचा एकच उपाय मला माहीत आहे : सगळ्यांनी बसून स्पष्ट बोलणं.

पण त्याच्याशी बोलण्याआधी तुम्ही दोघं एकटे बसा. खर्चाचा अंदाज कागदावर मांडा. त्याच्या राहण्याने घरखर्चात नेमका किती फरक पडतो, ते काढा. यजमानांचं काम आणखी कमी झालं तर किती महिने झेपेल? तुमची तब्येत, झोप, तुमच्या दोघांचं एकमेकांशी बोलणं, यावर काय परिणाम झालाय? या प्रश्नांची खरी उत्तरं द्या, चांगुलपणाची नकोत. ‘आम्हाला अजून तीन महिने जमेल, त्यापुढे नाही’ असं निघालं तरी ते सोन्यासारखं उत्तर आहे, कारण त्यावर योजना बांधता येते. ‘बघू, जमेल तसं’ यावर कुणालाच काही बांधता येत नाही, सगळ्यात कमी त्याला.

मग त्याच्याशी बोला, यजमानांसह. तुम्ही एकट्या बोललात तर तुम्ही मायाळू आणि ते कठोर अशी वाटणी होते आणि तो दोघांच्या मधल्या फटीत राहायला शिकतो. बोलताना मुदत सांगा, पण ती नोकरीला बांधू नका. असं काहीसं : ‘पुढचे तीन महिने तू इथे राहणार आहेस, नोकरी लागो न लागो. त्या तारखेला आपण तिघं पुन्हा बसू आणि पुढचं ठरवू. तोपर्यंत सकाळी अमुक वाजता उठायचं, हे काम तुझ्याकडे, रात्री उशीर होणार असेल तर कळवायचं आणि आठवड्यातून दोनदा तरी कामासाठी कुठे जाऊन आलास ते आम्हाला सांगायचं. काम मिळालं का, हे आम्ही रोज विचारणार नाही.’ शेवटचं वाक्य जरूर म्हणा आणि पाळा. नातेवाइकांनाही बजावा, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच विचारत असणार.

कशाने हे सगळं थांबेल तेही त्याच बैठकीत सांगून टाका : मारहाण किंवा धमकी, चोरी, घरात नशा, मुलीच्या बाबतीत मर्यादा सोडणं. बाकी कुठल्याही कारणाने निघायला सांगावं लागलं तर किमान पंधरा दिवस आधी सांगाल, असा शब्द द्या. एका रात्रीत घराबाहेर पडण्याचा अनुभव त्याने एकदा घेतला आहे.

मुलीबद्दल नातेवाईक जे बोलतात ते बोलण्याची रीत मला आवडत नाही, पण विषय टाळण्यासारखा नाही. या सगळ्यात तिला कुणी विचारलंय का? घर तिचंही आहे. तिच्याशी वेगळं बोला. तिला अवघडल्यासारखं होतं का, आंघोळीच्या, अभ्यासाच्या वेळा बदलाव्या लागल्या का, ते विचारा. तिच्या खोलीला आतून कडी हवी, त्याच्या झोपण्याची जागा वेगळी आणि ठरलेली हवी आणि निदान सुरुवातीचे काही महिने दोघं घरात एकटे राहणार नाहीत अशी आखणी हवी. त्याच्यावर संशय आहे म्हणून हे करायचं नाही. स्पष्ट नियम तिचं रक्षण करतात, तसंच उद्या कुणी उगाच बोट दाखवलं तर त्याचंही करतात. आणि तिला सांगून ठेवा की काही खटकलं तर तिचा शब्द आधी ऐकला जाईल, ‘तो बिचारा’ म्हणून झटकला जाणार नाही.

ब्रिटनमध्ये ‘नाइटस्टॉप’ नावाची व्यवस्था आहे. १९८७ मध्ये लीड्समध्ये ती सुरू झाली. १६ ते २५ वयाच्या बेघर तरुणांना स्वयंसेवक आपल्या घरातली एखादी खोली देतात, बहुधा एखाद-दोन रात्री किंवा थोडे दिवस. घर देणाऱ्यांची आधी पडताळणी होते, येणाऱ्याचीही माहिती घेतली जाते. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की घर देणाऱ्याकडून फक्त बिछाना, जेवण, आंघोळ आणि माणुसकी एवढीच अपेक्षा असते. कागदपत्रं, पुढची जागा, घरच्यांशी बोलणी हे सगळं बघणारा माणूस वेगळा असतो. ताई, तुम्ही या सगळ्या भूमिका एकट्या करताय आणि म्हणून थकलाय. त्याच्यासाठी एक दुसरं माणूस शोधा. शाळेतले एखादे शिक्षक, गावातली एखादी सामाजिक संस्था, त्याच्या आईकडचं कुणी. आईच्या माहेरचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. मामा, मावशी, आजी असेल आणि त्यांना हे कळलेलंच नसेल, असंही होतं. मात्र त्याला विचारल्याशिवाय कुणाला फोन करू नका. वडिलांना तर नाहीच. समेट घडवून आणायचा मोह होईल, तो आवरा. परत जाणं सुरक्षित आहे की नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही.

कामाचं काय? जिथे कामच नाही तिथे सल्ल्याने काम निर्माण होत नाही, तेव्हा मी तसा आव आणणार नाही. पण काम आलं तर ते त्याच्या हातून निसटू नये, एवढी तयारी करता येते. पहिल्यांदा कागदपत्रं. ओळखीचा पुरावा, जन्माचा दाखला, शाळेची प्रमाणपत्रं, बँकेचं खातं. एका दिवसात घर सुटलेल्या मुलाची ही सगळी फाइल बहुधा मागे वडिलांच्या कपाटात असते आणि लाजेपोटी तो ते बोलत नाही. ती आणायला त्याला एकट्याला पाठवू नका. दोन्हीकडे मान असलेल्या कुणाला तरी सोबत न्या, आणि मिळालीच नाहीत तर दुसऱ्या प्रती काढण्याचे अर्ज सुरू करा. बेकारीच्या काळात हे काम करायला वेळ आहे, हीच काय ती जमेची बाजू.

दुसरं, कायमची नोकरी एवढंच लक्ष्य ठेवलं तर तो वर्षभर नापास होत राहील. चार दिवसांचं हमालीचं काम, कुणाचा हिशोब लिहून देणं, कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात नेणं, वायरमन किंवा प्लंबरच्या हाताखाली उमेदवारी, यातलं काहीही चालेल. बंद पडलेल्या गावातही तारा जळतात आणि नळ गळतात. यजमानांना जे काम येतं ते त्यांनी त्याला शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांचेही महिन्यातले निम्मे दिवस रिकामे जाताहेत. त्या दोघांना एकमेकांकडे बघायला वेगळं काही मिळेल.

थोडीफार कमाई झाली तर त्यातून घरात काही घ्यावं का? घ्यावं, असं माझं मत आहे. थोडं घरखर्चाला घ्या, म्हणजे ताटावर बसताना त्याची मान वर राहील. बाकीचं त्याच्याच खात्यात, पुढे खोली घेताना अनामत म्हणून.

तिसरा मार्ग म्हणजे जिथे काम आहे तिथे जाणं. तुमच्या भागाची स्थिती पाहता कधीतरी तो विषय निघणारच, आणि त्यात गैर काही नाही. मात्र तिथे पहिल्या महिन्याभराची झोपायची जागा आधी पक्की हवी, नाहीतर इथला बाक सोडून तो तिथल्या बाकावर जाईल, जिथे त्याला ओळखणारं कुणी नसेल. त्याची पाठवणी करताना परतीचं दार उघडं आहे असं सांगा. आणि नोकरी लावून देणाऱ्या दलालांपासून जपा. बिनघरच्या, बिनओळखीच्या मुलांवर त्यांची नजर असते. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा, मूळ कागदपत्रं स्वतःकडे ठेवून घेणारा, कामाचं ठिकाण नीट न सांगणारा, या तिघांना नमस्कार करून परत फिरायचं.

पुष्कळ वाचकांच्या घरात किंवा शेजारी असं कुणीतरी असेल म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या चॅपिन हॉल संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, १८ ते २५ वयोगटातल्या दर दहा जणांपैकी एकावर वर्षभरात केव्हा ना केव्हा बेघर होण्याची वेळ आली होती. त्यात रस्त्यावर झोपलेले होते, तसेच आज या मित्राच्या तर उद्या त्या मित्राच्या घरी पथारी टाकणारेही होते. हे दुसरे कुणाला दिसत नाहीत. मुलाचा मित्र आठवड्यात तिसऱ्यांदा ‘अभ्यासाला’ मुक्कामी आला, तर एकदा विचारून बघावं.

ज्यांनी अजून कुणाला घरात घेतलेलं नाही पण घ्यायचा विचार आहे, त्यांनी दार उघडतानाच मुक्काम किती ते बोलावं. एक रात्र म्हणजे एक रात्र, पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. वाढवायचा असेल तर तोंडाने वाढवावा, आपोआप वाढू देऊ नये. आलेला मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर प्रश्न एकट्या घराचा राहत नाही. बालसंरक्षण यंत्रणेला लगेच कळवायलाच हवं, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी. आणि ज्यांना अजिबातच जमणार नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पत्रव्यवहारासाठी आपला पत्ता देणं, आठवड्यातून दोनदा जेवायला बोलावणं, कागदपत्रं सुरक्षित ठेवणं, सरकारी कार्यालयात सोबत जाणं, यातलं एकेक करणारी चार घरं मिळाली तर एका घरावरचा भार पुष्कळ उतरतो. ताई, जे नातेवाईक तुम्हाला बोलतात त्यांना यातलं एक काम वाटून द्या. काही जण तरी हो म्हणतील.

तीन महिन्यांनी तुम्ही पुन्हा बसाल आणि तेव्हा कदाचित तुमची ताकद संपलेली असेल. तसं झालं तर ते सांगायला कचरू नका. तोवर दुसरं माणूस शोधलेलं असेल, कागदपत्रं हातात असतील, खात्यात थोडे पैसे असतील, तर त्याचं जाणं आणि बापाने काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक असेल. आणि ताकद उरली असेल तर आणखी तीन महिने वाढवा.

आता लगेचचं. येत्या रविवारी बसायचं ठरवत असाल तर त्याला नुसतं ‘रविवारी तुझ्याशी बोलायचंय’ असं सांगून ठेवू नका. त्याच्या कानावर ते ‘आता नीघ’ असंच पडेल आणि दाराजवळची सॅक उचलून तो शनिवारी रात्रीच निघून जाईल. ‘तुला जायला सांगणार नाही आहोत, पुढचे तीन महिने कसे काढायचे ते ठरवायचंय’ एवढं आधी सांगा. आणि बसल्यावर तुमचं सगळं मांडण्याआधी त्याला विचारा, ‘तुझ्या डोक्यात काय आहे?’ उत्तर यायला वेळ लागेल. यजमानांनी मधेच बोलू नये, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.